बारा आठवड्यांचा धीर

दोन-तीनदा गर्भ पडला की बेंगळुरूसारख्या शहरात जोडप्याच्या हाती तपासण्यांची लांबलचक यादी येते. टॉर्च, एएनए, एपीएलए, थायरॉइडच्या अँटीबॉडी, प्रोटीन सी, प्रोटीन एस, फॅक्टर फाइव्ह लायडन, एमटीएचएफआर, एनके सेल्स. हे सगळे एकाच सकाळी काढलेल्या रक्तावर, आणि बहुधा एकाच पॅकेजात. जोडपे नोकरीसाठी तिथे स्थायिक झालेले असो की बेळगाव-हुबळीकडून ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवायला’ आलेले, यादी फारशी बदलत नाही. पुण्या-मुंबईतही ती अशीच असते. या यादीच्या पोटात एक साधे गणित आहे. प्रयोगशाळा ‘नॉर्मल’ची मर्यादा आखते ती सर्वसाधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी. म्हणजे पूर्णपणे निरोगी बाईच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या दहा चाचण्या केल्या, तर त्यांतली एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ४० टक्के होते. वीस केल्या तर ६४ टक्के. कारण शोधायला निघालेल्या माणसाला कारण सापडतेच, अशी ही व्यवस्था आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेल्या अँटीबॉडीमुळे गर्भ जातो हे खरे आहे, त्यावर उपाय आहे हेही खरे आहे, पण हे सत्य फार अरुंद आहे. तीन ठरावीक चाचण्या, ठरावीक पातळी आणि किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तोच निकाल, एवढ्याच चौकटीत ते उभे आहे. चौकट सैल केली की जिला हा आजार आहे तीही फसते आणि जिला नाही तीही.

ही चौकट आली कुठून, ते पाहण्यासारखे आहे. गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीत आपल्याकडे हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्याबरोबर व्हीडीआरएल ही चाचणी होते. ती सिफिलिससाठी. तिच्या द्रावणात कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तो बैलाच्या हृदयातून शुद्ध स्वरूपात वेगळा केला १९४१ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेतील मेरी पँगबॉर्न यांनी. सिफिलिसच्या रुग्णाच्या रक्तातील अँटीबॉडी या पदार्थाला चिकटतात आणि द्रावणात गुठळ्या दिसतात. युद्धकाळात आणि त्यानंतर अमेरिकेत लाखो लोकांच्या अशा चाचण्या झाल्या, तेव्हा ज्यांना सिफिलिस होणे शक्यच नव्हते असेही लोक ‘पॉझिटिव्ह’ निघू लागले. १९५२ मध्ये मूर आणि मोर यांनी या खोट्या पॉझिटिव्ह लोकांचे दोन गट केले. एका गटातले निकाल एखाद्या तापानंतर किंवा लसीनंतर काही आठवडे तसे येत आणि मग आपोआप निवळत. दुसऱ्या गटातले वर्षानुवर्षे तसेच राहत, आणि त्या गटात ल्युपस या स्वप्रतिरक्षा आजाराच्या स्त्रिया बऱ्याच होत्या. आजच्या ‘बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा’ या नियमाचे मूळ या विभागणीत आहे. त्याच वर्षी कॉन्ली आणि हार्टमन यांना ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात एक विचित्र गोष्ट दिसली: काचेच्या नळीत ते रक्त उशिरा गोठे. १९७५ मध्ये स्वीडनच्या इंगा मारी निल्सन यांनी अशा रक्ताचा आणि पोटातच बाळ दगावण्याचा संबंध दाखवला. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ग्रॅहम ह्यूज आणि त्यांचे सहकारी हॅरिस व घरवी यांनी कार्डिओलिपिनविरोधी अँटीबॉडी नेमकी मोजण्याची पद्धत दिली, आणि रक्ताच्या गुठळ्या, गर्भपात व मेंदूचे विकार यांची एक साखळी जुळवली. तोच आज अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, डॉक्टरांच्या तोंडी ‘एपीएस’.

नळीत उशिरा गोठणारे रक्त शरीरात मात्र नको तिथे गोठते, हे या आजाराचे मुख्य कोडे. १९९० च्या सुमारास तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी त्याचा एक धागा सोडवला. या अँटीबॉडी थेट स्निग्ध पदार्थावर जात नाहीत. त्याला चिकटलेल्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या रक्तातील प्रथिनावर त्यांचा रोख असतो. वारेच्या बाहेरच्या पेशींवर हे प्रथिन मुबलक असते, म्हणून वार हे त्यांचे सोपे लक्ष्य. सुरुवातीला असे मानले गेले की वारेतील बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि गर्भाचा रक्तपुरवठा तुटतो. काहींच्या बाबतीत तसे होतेही. पण दहाव्या आठवड्याच्या आत पडलेल्या गर्भांच्या वारेत दरवेळी गुठळ्या सापडत नाहीत. २००४ मध्ये जिरार्डी, साल्मन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगातून दाखवले की या अँटीबॉडी ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची दाहाची यंत्रणा चेतवतात आणि वारेची मुळे रुजण्याच्या वेळीच इजा होते. हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने गर्भ वाचले. तितकेच रक्त पातळ करणाऱ्या, पण कॉम्प्लिमेंट न रोखणाऱ्या दुसऱ्या औषधांनी वाचले नाहीत. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे धरूनही या प्रयोगाने एक गोष्ट स्पष्ट केली: इथे हेपरिनचे काम रक्त पातळ करण्यापुरते नाही. आणि म्हणूनच ‘गर्भ पडतो म्हणजे रक्त घट्ट आहे, पातळ करणारे औषध द्या’ हा सरसकट तर्क लंगडा आहे.

या अँटीबॉडींची बेंगळुरूतील नोंद आपल्या विषयाच्या अनपेक्षित टोकाला सापडते. ती प्रसूतिगृहांपेक्षा निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत ठळक दिसते. बाळंतपणानंतर पंधरा-वीस दिवसांच्या आत तीव्र डोकेदुखी, झटके, एक अंग लुळे पडणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण स्त्रिया तिथल्या न्यूरॉलॉजी विभागाच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी झालेली असे. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार विरळा, आपल्याकडे तो नित्याचा. बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची जुनी चाल, रक्तक्षय, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि त्यामुळे वाढणारे होमोसिस्टीन अशी अनेक कारणे त्यामागे तपासली गेली. डी. नागराज, रीटा ख्रिस्तोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तरुण वयातील पक्षाघाताच्या आणि १९९९ मध्ये मेंदूतील शिरांच्या गुठळीच्या रुग्णांत अँटीकार्डिओलिपिन अँटीबॉडी मोजल्या. दुसऱ्या अभ्यासात त्या तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटापेक्षा अधिक रुग्णांत आढळल्या. १९९९ मध्येच नागराज यांच्या गटाने बाळंतिणींमधील या विकारात कमी मात्रेच्या हेपरिनचा फायदाही मांडला. गर्भपाताच्या चर्चेत हे संशोधन क्वचितच येते, आणि ते यायला हवे. जिच्या रक्तात या अँटीबॉडी खरोखर आहेत तिची जोखीम गर्भापुरती थांबत नाही. औषधोपचाराने बाळ सुखरूप झाले, तरी बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिच्या शिरांसाठी धोक्याचे असतात आणि हेपरिन तेव्हाही चालू ठेवावे लागते. पुढे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तिने टाळायच्या असतात. खरे निदान बाईच्या आयुष्यभराच्या कामाचे आहे, म्हणून ते कच्चे असून चालत नाही.

पक्के निदान कशाला म्हणायचे, याचे उत्तर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साप्पोरोच्या निकषांत आणि सुधारून २००६ मध्ये सिडनीच्या निकषांत दिले गेले. दहा आठवड्यांनंतर, रचनेने निर्दोष दिसणारे एक जरी बाळ पोटात दगावले असेल. किंवा रक्तदाब वाढल्याने वा वारेचे काम कमी पडल्याने ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागली असेल. किंवा दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन वा अधिक गर्भ अन्य कारण न सापडता पडले असतील, तर तपासणी करायची. तपासायचे तीनच: ल्युपस अँटीकोअॅग्युलंट (नळीत रक्त उशिरा गोठवणारा तो घटक), अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. अँटीकार्डिओलिपिन ४० एककांच्या वर हवे, आणि निकाल किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तसाच यायला हवा. साप्पोरोत हे अंतर सहा आठवड्यांचे होते. ते पुरत नाही असे ठरले म्हणून दुप्पट केले. अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये आणलेले निकष याहून कडक आहेत. त्यांत नुसत्या लवकरच्या गर्भपातांना आणि नुसत्या ‘आयजीएम’ प्रकारच्या अँटीबॉडीला अगदी कमी गुण आहेत. ते निकष संशोधनासाठी रुग्ण निवडण्याचे आहेत, दवाखान्यात उपचार नाकारण्याचे नव्हेत. पण शास्त्राचा कल कुठल्या दिशेला आहे ते त्यांतून कळते. दोनदा तपासण्याची गरज आपल्याकडे तर अधिकच. मलेरिया, क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, डेंग्यू अशा संसर्गांनंतर या अँटीबॉडी काही काळ उगवतात आणि मावळतात. ज्या कर्नाटकाने २०२४ मध्ये डेंग्यूला साथीचा रोग म्हणून अधिसूचित केले, तिथे पावसाळ्यात ताप येऊन गेलेल्या बाईचा एकच अहवाल हातात धरून तिला आयुष्यभराचा शिक्का मारणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे आहे.

यापुढची अडचण चाचणीच्या हाताळणीतली आहे, आणि ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिन्हींपैकी गर्भाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी ल्युपस अँटीकोअॅग्युलंटची. अमेरिकेतील प्रॉमिस या अभ्यासाने २०१२ मध्ये दाखवले, की बारा आठवड्यांनंतरच्या गुंतागुंतीचे भाकीत याच चाचणीने होते. तिच्याशिवाय नुसते अँटीकार्डिओलिपिन असेल तर फारसे होत नाही. ही चाचणी घोणस सापाच्या विषावर चालते. आपल्या शेतांतून, उसाच्या फडांतून आढळणारी हीच घोणस. तिचे विष रक्त गोठवणाऱ्या साखळीतील दहाव्या घटकाला थेट चालना देते. नळीत रुग्णाचा रक्तद्रव, अगदी सौम्य केलेले विष आणि मोजून थोडे ठेवलेले फॉस्फोलिपिड घालतात. अँटीबॉडी असतील तर त्या हे थोडके फॉस्फोलिपिड अडवून धरतात आणि गोठायला वेळ लागतो. मग भरपूर फॉस्फोलिपिड घालून पुन्हा पाहतात. वेळ पूर्ववत झाला तर अँटीबॉडी आहेत असे समजायचे. आता या रक्तद्रवात बिंबिका (प्लेटलेट) राहून गेल्या तर त्या स्वतःच फॉस्फोलिपिड पुरवतात आणि खरा आजार झाकला जातो. म्हणून नमुना दोनदा सेंट्रिफ्यूज करावा लागतो आणि तोही रक्त काढल्यापासून काही तासांच्या आत. सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण लागते. नळी अर्धवट भरली तर निकाल बिघडतो. बाई हेपरिनवर असेल, नुकताच गर्भ पडून अंगात दाह असेल, तरी निकाल बिघडतो. घरी येऊन रक्त घेऊन जाण्याची सोय कितीही चांगली असली, तरी बेंगळुरूच्या वाहतुकीत चार चौक ओलांडून तिन्हीसांजेला पोचणाऱ्या नमुन्यावर ही चाचणी व्हावी असे कुणी म्हणणार नाही. दुसरीकडे ‘एपीएलए’ या नावाने सर्रास विकली जाणारी चाचणी अनेकदा निरनिराळ्या फॉस्फोलिपिडांच्या मिश्रणावरची एक एलायझा असते. ती या तिन्हींपैकी एकही नव्हे. ती ‘निगेटिव्ह’ आली म्हणून आजार नाही असे होत नाही, आणि किंचित वर आली म्हणून आहे असेही होत नाही.

इतकी खटपट कशासाठी करायची? कारण निदान पक्के असेल तर उपचाराने फरक पडतो. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात राज रै आणि लेस्ली रीगन यांच्या गटाने वारंवार गर्भ गेलेल्या ५०० स्त्रिया तपासल्या. सुमारे १५ टक्क्यांमध्ये या अँटीबॉडी टिकून होत्या. उपचाराविना त्यांच्यापैकी काहींची पुढची गर्भधारणा अभ्यासली, तर जिवंत बाळ झाले फक्त दहात एकीला. त्याच गटाने १९९७ मध्ये ९० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागून, एकांना नुसती कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि दुसऱ्यांना अॅस्पिरिनसोबत हेपरिन दिले. पहिल्या गटात ४२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, दुसऱ्यात ७१ टक्के. अमेरिकेत कुटे यांच्या १९९६ च्या अभ्यासात हेच आकडे ४४ आणि ८० होते. पण याच विषयावर २००२ मध्ये फार्कुहारसन आणि २००९ मध्ये लास्किन यांच्या अभ्यासांत दोन्ही गटांत ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान जवळजवळ सारखेच यश दिसले. २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने सगळे एकत्र करून हेपरिनच्या बाजूने कौल दिला, तोही पुरावा फारसा भक्कम नाही असे बजावून. या मतभेदाचा अर्थ उपचार निरुपयोगी आहे असा मी लावत नाही. जिथे निवड सैल होती, किंचित वाढलेल्या अँटीबॉडी आणि इतर दोषही चालवून घेतले होते, तिथे मुळात बऱ्याच स्त्रियांना उपचाराविनाही बाळ झालेच असते. मग औषधाचा फरक दिसणार कसा? लास्किन यांच्या अभ्यासात एएनए आणि रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रियाही होत्या, ही गोष्ट इथे बोलकी आहे. उपचाराचा गुण निदानाच्या काटेकोरपणावर उभा आहे.

चौकटीबाहेर उपचार केले तर काय होते, याची उत्तरेही याच काळात मिळत गेली. लास्किन यांनीच १९९७ मध्ये एएनएसह शरीराविरुद्धच्या निरनिराळ्या अँटीबॉडी असलेल्या २०२ स्त्रियांना प्रेडनिसोन आणि अॅस्पिरिन किंवा औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. जिवंत बाळांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, पण औषध घेतलेल्यांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती ६२ टक्के झाल्या. दुसऱ्या गटात १२ टक्के. थायरॉइडच्या अँटीबॉडीचा गर्भपाताशी संबंध अनेक पाहण्यांत दिसतो, म्हणून ब्रिटनमधील टॅब्लेट चाचणीत थायरॉइडचे काम ठीक असलेल्या ९५२ स्त्रियांना थायरॉक्सिन किंवा निष्क्रिय गोळी दिली. २०१९ मध्ये निकाल आला: ३७.४ आणि ३७.९ टक्के. कारण न सापडलेल्या गर्भपातांत अॅस्पिरिन वा हेपरिनचा उपयोग नाही हे नेदरलँड्सच्या अलाइफ चाचणीने २०१० मध्ये, आणि रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष असलेल्यांतही हेपरिनचा उपयोग नाही हे अलाइफ-२ ने २०२३ मध्ये दाखवले. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार एके काळी मोठ्या आशेने सुरू झाला होता. १९९९ मध्ये कॅरोल ओबर यांच्या अभ्यासात उपचार घेतलेल्यांपैकी ३६ टक्के स्त्रियांना बाळ झाले आणि न घेतलेल्यांपैकी ४८ टक्के. २००२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर तो वापरण्यास मनाई केली. आपल्याकडे तो आजही सुचवला जातो. सापाच्या विषाने तपासायचा आजार बाजूला ठेवून साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच हा प्रकार.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे निष्कर्ष गोऱ्या स्त्रियांवरचे आहेत, आपल्या बायकांची प्रकृती वेगळी. आक्षेपाचा मान राखला पाहिजे, आणि त्याचे उत्तर आपल्याच माणसांनी देऊन ठेवले आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत कांजाक्ष घोष, श्रीमती शेट्टी आणि सहकाऱ्यांनी कारण न सापडता गर्भ गेलेल्या भारतीय स्त्रियांच्या रक्ताचे काम केले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडींचा गर्भपाताशी संबंध भारतीय स्त्रियांतही ठळक दिसला. वेगळेपण आहे ते भलत्याच ठिकाणी. युरोपात बऱ्यापैकी आढळणारा फॅक्टर फाइव्ह लायडन हा दोष भारतीयांत क्वचित दिसतो आणि प्रोथ्रोम्बिनचा जी२०२१०ए हा बदल जवळपास दिसतच नाही. म्हणजे ‘आपण वेगळे आहोत’ हे खरे धरले, तर पॅकेजातल्या महागड्या जनुकीय चाचण्या आपल्यालाच सर्वांत कमी लागू पडतात. टॉर्च या संसर्गांच्या चाचणीची गोष्ट याहून उघड आहे. रुबेला किंवा सीएमव्हीच्या आयजीजी अँटीबॉडी बहुतेक प्रौढ भारतीयांत असतात. त्या पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गाची किंवा लसीची खूण. असा संसर्ग एखादा गर्भ घालवू शकतो, लागोपाठ तीन नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांनी वारंवार गर्भपाताच्या तपासणीतून टॉर्च केव्हाच काढून टाकली. आपल्याकडे ती अजून यादीत पहिली असते, आणि तिच्या जोरावर औषधांचे कोर्सही दिले जातात.

दुसरा आक्षेप वेळेचा. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला बारा आठवडे थांबा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय अॅस्पिरिनची छोटी गोळी स्वस्त, हेपरिन वारेतून बाळाकडे जात नाही. दिले तर बिघडले कुठे? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. गर्भ पडल्यावर लगेचची चाचणी विश्वासार्ह नसतेच, साधारण सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात. त्या काळात आणि पुढच्या बारा आठवड्यांत गर्भाशयाची सोनोग्राफी, साखर, थायरॉइडचे काम, फॉलिक अॅसिड, पडलेल्या गर्भाच्या गुणसूत्रांचा अहवाल असेल तर त्याचा विचार, हे सगळे होऊ शकते. त्यातल्या शेवटच्या गोष्टीला आपल्याकडे सर्वांत कमी महत्त्व मिळते. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. तिथे कुठलीही अँटीबॉडी दोषी नसते. मधल्या काळात दिवस राहिलेच, आणि पहिली चाचणी ठळकपणे पॉझिटिव्ह असेल, तर समजावून उपचार सुरू करावेत आणि बाळंतपणानंतर चाचणी पुन्हा करावी. शास्त्र याच्या आड येत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र ‘बिघडते’ असेच आहे. सहाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्यापर्यंत रोज एक इंजेक्शन धरले, तरी पोटावर २१० सुया आणि बाळंतपणानंतर आणखी ४२. काळे-निळे डाग, क्वचित बिंबिका घटणे, प्रसूतीच्या वेळी पाठीतून भूल द्यायची की नाही याचा पेच, आणि हजारोंचा खर्च. याहून मोठी हानी अशी, की त्या उपचारात बाळ झाले तर श्रेय औषधाला जाते, पुढच्या वेळीही तेच सगळे होते आणि बाईच्या मनात ‘माझे शरीरच बाळ टाकते’ ही समजूत घट्ट बसते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. तिन्ही चाचण्या कोऱ्या, तरी सगळी लक्षणे या आजाराची, अशा स्त्रिया असतात. नियमाच्या आडून त्यांना वाऱ्यावर सोडायचे का? अशी बाई विरळा का होईना, असते. दहा आठवड्यांनंतर निर्दोष बाळ पोटात गेले, पूर्वी पायात गुठळी झाली, असा इतिहास असेल तर चाचण्या चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा कराव्यात, संधिवाततज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घ्यावा. नियम निर्णयाची जागा घेत नाही, निर्णयाला आधार देतो. पण ‘काहीतरी तर करायलाच हवे’ या भावनेपोटी आठ आठवड्यांच्या आत दोन गर्भ गेलेल्या प्रत्येकीला हा अपवाद लावला, तर नियमालाच अर्थ उरत नाही. आणि काहीच न करणे म्हणजे काहीच न देणे नव्हे. कारण न सापडलेल्या स्त्रियांचे भवितव्य समजते तितके काळे नाही. ब्रिघम यांच्या १९९९ च्या अभ्यासात अशा स्त्रियांपैकी ७५ टक्क्यांची पुढची गर्भधारणा तडीस गेली. नॉर्वेच्या स्त्राय-पेडरसन पती-पत्नींनी १९८४ मध्ये दाखवले, की नियमित भेटी, वारंवार सोनोग्राफी आणि धीर देणारी माणसे एवढ्यानेही निकाल बरे दिसतात. त्या अभ्यासाची मांडणी आजच्या कसोटीवर पुरी पडत नाही, पण सहाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला गर्भाचे ठोके दाखवणारा, फोन उचलणारा दवाखाना ही गोष्ट इंजेक्शनांइतकी खर्चिक नाही आणि तिचा अपाय तर नाहीच. आपल्या व्यवस्थेत तीच सर्वांत दुर्मिळ आहे, कारण तिचे बिल करता येत नाही.

म्हणून या प्रश्नावर आपण मागणी कशाची करावी, हे बदलायला हवे. आज जोडपी अधिक चाचण्या मागतात आणि दवाखाने त्या देतात. सुजाण मागणी कमी आणि नीट चाचण्यांची असेल. पक्के निदान सांगताना डॉक्टरांनी तिन्ही चाचण्यांची नावे, आकडे, दोन्ही तारखा आणि रक्त घेताना बाई कोणत्या औषधावर होती हे कागदावर लिहून द्यावे; सरकारी रुग्णालयात आणि बड्या खासगी इस्पितळात दोन्हीकडे. डॉक्टर बदलले, शहर बदलले तरी तो कागद टिकला पाहिजे. पहिला अहवाल एका दवाखान्यात आणि दुसरा कधी झालाच नाही, अशाने बारा आठवड्यांचा नियम कागदावरच राहतो. प्रयोगशाळांनी ‘एपीएलए’ हे मोघम नाव सोडून काय मोजले ते छापावे आणि हेपरिनवर असलेल्या बाईचा ल्युपस अँटीकोअॅग्युलंटचा नमुना सूचनेशिवाय स्वीकारू नये. असे झाले तर शंभरातल्या ज्या मोजक्या स्त्रियांना हा आजार खरोखर आहे त्यांना दर वेळी हेपरिन मिळेल, बाळंतपणानंतरही मिळेल आणि पुढे पक्षाघाताच्या धोक्याचीही त्यांना आगाऊ जाणीव राहील. उरलेल्यांना आपल्या रक्तात दोष नाही हे ठामपणे ऐकायला मिळेल. वारंवार गर्भ गेलेल्या बाईला हे वाक्य खात्रीने सांगता येणे, हीसुद्धा वैद्यकाची कामगिरीच आहे. आणि ती खात्री बारा आठवड्यांचा धीर धरल्याशिवाय मिळत नाही.